नदीची वाळू, वाऱ्याची वाळू

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दगड खात होत्या.

खोटं वाटेल, पण खरं आहे. परळला एका बंद गिरणीच्या मागच्या गोदामात ते ऑफिस होतं. मी कामासाठी भेटायला गेलो होतो. आत लांबच लांब टेबलं, टेबलांवर लाकडी पेट्या आणि पेट्यांत दगडाचे दांडके, मनगटाएवढे जाड, एकापुढे एक मांडलेले. एका टेबलापाशी साठी ओलांडलेल्या, सावळ्या, ठेंगण्या बाई उभ्या होत्या. सुती साडीवर पांढरा एप्रन आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी दगडाची एक कपची उचलली, पुढच्या दातांखाली धरली, चावली आणि डोळे मिटले. मग बेसिनवर जाऊन चूळ भरली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मी दारातच उभा.

"करकरली," माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या. "म्हणजे बारीक का होईना, रेतीचे कण आहेत. लोण्यासारखी लागली असती तर चिकणमाती. तुम्ही फोटोवाले ना? जेवलात का?"

मी शीव कोळीवाड्याचा. अठरा वर्षं लग्नांचे फोटो काढले. मग प्रत्येक वऱ्हाड्याच्या हातात मोबाईल आला आणि माझी कामं कमी होत गेली. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, परळला दगडांचे फोटो काढायला माणूस हवाय. मला वाटलं, मूर्तीबिर्ती असतील. होते ते हे दांडके. त्यांना कोअर म्हणतात. राजस्थानात वाळवंटाखाली पाणी कुठे आहे ते शोधायचं सरकारी काम आमच्या कंपनीकडे होतं. तिथे खोल भोक पाडायचं, आतला दगड सलग दांडक्यासारखा वर काढायचा, पेट्यांत भरून ट्रकने इथे आणायचा. बाईंनी तो वाचायचा आणि मी त्याच्या फुटाफुटाचा फोटो काढायचा. बाई म्हणतील ते लिहिलं जायचं आणि त्यावरून विहिरी कुठे खोदायच्या ते ठरायचं.

पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं.

"मॅडम नको, बाई म्हणा. मॅडम म्हटलं की मला वाटतं, माझी बदली झाली."

तेव्हापासून बाई. मला मात्र त्या शेवटपर्यंत फोटोवालेच म्हणाल्या.

त्यांच्या गळ्यात बुटाच्या काळ्या नाडीला बांधलेलं एक छोटं भिंग असायचं. ते डोळ्याला लावून त्या वाळूचा एकेक कण बघत. सवय इतकी की डब्यातले पोहेही भिंगातून बघून मग खात. डिलाईल रोडवर, त्यांच्या चाळीखालच्या वाण्याकडे रवा घेताना त्या तळहातावर चिमूटभर रवा पसरून भिंग लावायच्या आणि म्हणायच्या, "हा नको. हा नदीचा आहे. वाऱ्याचा द्या." वाण्यालाही कळायला लागलं होतं की जाडाबारीक मिसळलेला म्हणजे नदीचा आणि एकसारखा चाळलेला म्हणजे वाऱ्याचा. तो आतून दुसरं पोतं काढायचा.

नदी आणि वारा, हा त्यांचा जन्माचा विषय. मला त्यांनी तो माझ्याच धंद्यातून शिकवला.

"नदी म्हणजे लग्नाचं वऱ्हाड," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या, पोरंटोरं, बोचकी, सगळ्यांना घेऊन निघते. दम लागला की खाली ठेवायला लागते. आधी जड गोटे, मग जाड वाळू, मग बारीक, शेवटी चिखल. म्हणून नदीच्या थरात खाली भरड आणि वर मऊ. वारा तसा नाही. वारा चोखंदळ. त्याला गोटे उचलत नाहीत, धूळ आणि अभ्रक तो लांब उडवून देतो. मधली तेवढी वाळू घेतो, घासून घासून गोल करतो आणि टेकडीच्या उतारावर तिरकी लावून ठेवतो."

एकदा ट्रक उतरवताना हमालांनी एक पेटी उलटी लावली. बाई गोदामाच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत होत्या. तिथूनच ओरडल्या, "अरे, कोणीतरी नदी पालथी घातलीय!" बघितलं तर खरंच, चिखल खाली आणि गोटे वर. प्रत्येक दांडक्यावर दोन उभ्या रेघा मारलेल्या असतात, लाल उजवीकडे आणि काळी डावीकडे, म्हणजे वरची बाजू कळते. बाईंना रेघांची गरज नव्हती.

आणि हे सगळं त्या वर्तमानकाळात बोलायच्या. कोट्यवधी वर्षांपूर्वीची गोष्ट, पण आम्हाला सांगताना, "आता वारा पश्चिमेकडून येतोय," "इथे नदी आटली, बिचारी," "चाळीस फुटांवर परत आली बघा!" नवीन माणूस खिडकीबाहेर बघायचा.

मला एक शंका होती. आमच्या खाडीत गाळ भरला की खाडी संपते, होडी चिखलात रुतते. मग त्या तिकडे शेकडो फूट गाळावर गाळ साठला कसा? जागा संपली कशी नाही?

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आमच्या घरी नवारीची खाट होती. पावणे गेले की सगळ्या गोधड्या तिच्यावर टाकायच्या. चार टाकल्या की नवार खाली जायची, मग वर आणखी चार मावायच्या. खोरं तसंच असतं. तळ खचत राहतो आणि नदी, वारा, नदी, वारा, आपापली गोधडी टाकत राहतात. तुमच्या खाडीची नवार खचत नाही, म्हणून ती भरते."

ती नवारीची खाट डिलाईल रोडच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीतली. वडील गिरणीत सूतखात्यात. बाई भूगर्भशास्त्र शिकणार म्हणाल्या तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "दगडाला पण कालेज लागतं?" पण परीक्षेच्या दिवसांत ते रात्रपाळी मागून घ्यायचे, म्हणजे रात्री खोलीत मुलीला अभ्यासाला जागा व्हायची. बाईंनी लग्न केलं नाही. धाकटी बहीण म्युनिसिपालिटीच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, दोघी एकत्र राहायच्या. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, खाली फळीवर धाकटीची पुस्तकं आणि खाटेखाली बाईंचे दगड. मी रविवारी कधी सुकट घेऊन गेलो की धाकटी चटणी करायची आणि तक्रार सांगायची.

"हिला सांगा काहीतरी. परवा चाळीच्या मीटिंगला काय बोलली विचारा."

झालं होतं असं, की चाळ पाडून टॉवर बांधायचा म्हणून बिल्डरने मागच्या अंगणात माती तपासायचं मशीन लावलं होतं. बाई दिवसभर त्या मशीनपाशी स्टूल टाकून बसल्या. संध्याकाळी मीटिंगमध्ये लोक खोल्यांच्या मापावरून हमरीतुमरीवर आलेले, त्यात बाई उठून म्हणाल्या, "एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या खाली शिंपले आहेत. इथे समुद्र आहे."

मग अध्यक्षांनी विचारलं, "बाई, शिंपले सोसायटीचे की बिल्डरचे?"

सगळ्यात मोठ्याने बाईच हसल्या, असं धाकटी म्हणाली.

गंमत म्हणजे या बाईंनी वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. तरुणपणी साइटवर बायकांना पाठवत नसत. पुढे पाठवायला लागले तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली. आता आईही नव्हती, म्हणून मी एकदा विचारलं, "आता जाऊन या की."

"कशाला? मी रोज जाते."

त्यांचा एक दोष होता, तो म्हणजे हट्ट. एकदा म्हटलं की म्हटलं. आणि त्या बहुतेक वेळा बरोबर असत, त्यामुळे हट्ट मुरला होता.

आमचे साहेब त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, शांत माणूस. एका खोऱ्यातल्या कोअरमध्ये साठ-सत्तर फुटांचा वाळूचा एक जाड थर लागला. पाणी त्याच थरात होतं. प्रश्न एवढाच, की हा थर नदीचा की वाऱ्याचा? नदीचा असेल तर तो पट्ट्यासारखा, लांब पण अरुंद. विहिरी त्या पट्ट्यावरच घ्यायच्या, बाहेर घेतल्या तर कोरड्या. वाऱ्याचा असेल तर तो चादरीसारखा दूरवर पसरलेला. म्हणजे उत्तरेकडची एक वस्ती, जी पट्ट्याच्या बाहेर पडत होती, तिलाही विहीर मिळाली असती. त्या वस्तीतल्या बायका दोन कोसांवरून पाणी आणायच्या, असं कागदात लिहिलं होतं.

साहेब म्हणाले, "बाई, मला ही वाऱ्याची वाटते."

"तुम्हाला वाटते. मला दिसते. तळाशी गोटे आहेत, वर अभ्रक चमकतंय. नदी आहे."

"खाली नदी असेल. वर जरा वेगळं..."

"वरही तेच कण आहेत. मी भिंगातून बघितलेत. साहेब, त्या वस्तीची दया मलाही येते. दयेने थर बदलत नाही."

बाईंच्या सहीने अहवाल गेला आणि उत्तरेकडची वस्ती नकाशातून वगळली गेली.

चार-एक महिन्यांनी त्या पेट्या कायमच्या रचून ठेवायच्या होत्या, म्हणून माझ्याकडे पुन्हा फोटोंसाठी आल्या. बाईंचा नियम होता की दगडावर पाणी मारूनच फोटो काढायचा, ओल्या दगडाचा रंग खुलतो. त्यासाठी न्हाव्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली होती. त्या दिवशी तिचं नाक तुटलेलं. बाई सुट्टीवर. मी म्हटलं, चला, कोरडेच काढू. कोरडा दगड समोरच्या लाईटमध्ये अगदी मेल्यासारखा दिसतो. मग मी लग्नातली युक्ती केली. शालूची जर उठून दिसायला आम्ही लाईट बाजूने, अगदी खालून टाकतो. तसा टाकला.

आणि कॅमेऱ्यात बघतो तर दगडावर रेघा. केसासारख्या बारीक, एकसारख्या, सगळ्या एका बाजूला उतरत जाणाऱ्या, जशी नऊवारीच्या निऱ्यांची घडी. खालच्या पेट्यांत नव्हत्या. वरच्या सगळ्या पेट्यांत होत्या.

मी दगड शिकलेला माणूस नाही. पण दोन वर्षं बाईंचं ऐकून एवढं कळत होतं, की टेकडीच्या उतारावर तिरकी वाळू कोण लावतं. मी फोटो काँप्युटरवर टाकले आणि दोन दिवस कोणाला बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. त्यांनी फोटो पाहिले. एक, दोन, पाच. मग पहिल्यापासून परत.

"हे कधी काढलेत?"

"परवाच्या दिवशी."

"मग दोन दिवस काय करत होतात?"

"घाबरत होतो, बाई."

त्या उठल्या. "ट्यूबलाईट घालवा सगळ्या." भर दुपारी गोदामात अंधार केला. बाई हातात टॉर्च घेऊन पेटीपाशी उकिडव्या बसल्या आणि दगडाला टेकवून प्रकाश टाकत एकेक फूट पुढे सरकू लागल्या. मी मागे पेट्या उघडत होतो. तास-सव्वा तास गेला असेल. शेवटी त्या तशाच जमिनीवर बसल्या.

"फोटोवाले, ही नदी नाही. म्हणजे नदीच आहे, पण आटलेली. वाऱ्याने नदीचीच वाळू उचलली आणि टेकड्या केल्या. फार दिवस घासली नाही, अभ्रकही पुरतं उडालं नाही, म्हणून कण नदीसारखेच राहिले. मी कण बघत बसले. रचना बघितलीच नाही." मग म्हणाल्या, "त्या बायका चार महिने माझ्यामुळे चालतायत."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं, प्यायल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. बहिणीला फोन करून "उशीर होईल" एवढंच म्हणाल्या आणि अहवाल काढून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर टेबलावर जिलबी. लालबागहून आणलेली, किलोभर तरी असेल.

"कसली हो बाई?"

"मी चुकले त्याची. घ्या."

हमाल, शिपाई, सगळ्यांना त्यांनी हाताने वाटली. साहेबांच्या केबिनमध्ये पुडा घेऊन गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"साहेब, तुमचं उत्तर बरोबर होतं. पण तुम्हाला नुसतं वाटलं होतं, कारण देता आलं नव्हतं. म्हणून अर्धेच गुण. मला शून्य. हा नवा अहवाल."

साहेब बिचारे उभे राहिले. "अहो बाई, आपण हळूच दुरुस्ती पाठवू. पुरवणी म्हणून. कोणाला कळायचंही नाही."

"कळायला हवं ना! मशीन पट्ट्यावरच्या विहिरी संपवून आठवड्याभरात दुसरीकडे जाणार आहे. हळू कसलं करताय? फोन लावा."

साहेबांनी तिकडच्या सरकारी अधिकाऱ्यांना फोन लावला. ते वैतागले. आता ऐनवेळी एक विहीर वाढवायची तर फाइलवर कारण काय लिहू, म्हणाले. बाईंनी साहेबांच्या हातातून फोन घेतला. "लिखिए, भूवैज्ञानिक की गलती. मेरा नाम लिखिए, स्पेलिंग बताती हूँ."

असं कारण त्या अधिकाऱ्याच्या आयुष्यात फाइलवर आलं नसावं. दोन दिवसांनी मंजुरी आली. जाता जाता मशीन उत्तरेच्या वस्तीवर एक भोक पाडून जाईल. एकच.

ते चार दिवस बाई चिडचिड करतील असं वाटलं होतं. उलट त्या गाणं गुणगुणत फिरत होत्या. मी विचारलं, "भीती नाही वाटत? कोरडं निघालं तर?"

"वाटते ना. पण फोटोवाले, तीस वर्षांत इतकी मजा आली नव्हती. मला वाटलं होतं, ही वाळू मला पाठ आहे. तिने चक्क फसवलं मला!" आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

पाचव्या दिवशी दुपारी साइटवरच्या इंजिनिअरचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. आधी नुसता मशीनचा आवाज. मग ओरडाआरडा. मग इंजिनिअर म्हणाला, "बाई, ऐका," आणि त्याने फोन पुढे धरला असावा, कारण परळच्या त्या गोदामात पाण्याचा असा धबाधब आवाज घुमला की हमालांनी हातातल्या पेट्या खाली ठेवल्या.

"खारं आहे का?" बाई ओरडल्या.

पलीकडे फोन कोणाच्यातरी हातात गेला. एक म्हातारा आवाज म्हणाला, "मीठा है जी! बिल्कुल मीठा! आप कौन बोल रही हैं?"

बाई वहीत 'गोडं' असं लिहीत होत्या. साहेबांनीच त्यांचं नाव सांगितलं आणि नंबर दिला.

त्यानंतर वर्षभराने बाईंनी काम सोडलं. तसं वयही झालं होतं. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, सगळ्यांना तिरका प्रकाश टाकून दगड कसा बघायचा ते दाखवलं आणि "हे मला फोटोवाल्यांनी शिकवलं" म्हणाल्या. मी त्या दिवशी फोटो काढायचंच विसरलो.

मध्यंतरी धाकटीचा फोन आला, "जरा येऊन जा. आमच्याकडे पाहुणे आहेत आणि ताईने डोकं खाल्लंय त्यांचं." गेलो. खाटेवर पागोटं घातलेले एक म्हातारे गृहस्थ, विहिरीवरून फोनवर बोललेले तेच, आणि त्यांची बायको. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन परळच्या एका हॉस्पिटलमध्ये व्हायचं होतं. मुंबईत ओळखीचं कोणी नाही, म्हणून जपून ठेवलेला तो एक नंबर त्यांनी लावला होता. बाईंनी त्यांना स्टेशनवरून थेट घरी आणलं. ऑपरेशन होऊन म्हातारी आता काठी धरून चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारत होती आणि धाकटीला बाजरीची भाकरी आपल्या पद्धतीने थापायला शिकवत होती.

बाई मात्र अस्वस्थ. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रोज सांगायचं म्हणते, जीभ रेटत नाही. हे लोक मला देव समजतायत. आज तुमच्यासमोर सांगते."

चहा झाला. बाई म्हाताऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि आपल्या मुंबईच्या हिंदीत सगळं सांगितलं. पहिला अहवाल मीच लिहिला होता. तुमच्या वस्तीखाली पाणी नाही, असं मीच लिहिलं होतं. माझ्यामुळे तुमच्या बायका चार महिने जास्त चालल्या. मला माफ करा.

म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बायकोकडे बघून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. म्हातारे बाईंकडे वळले.

"बाईजी, आपने लिख दिया कि नहीं है, तो पानी कहीं चला थोड़े ही गया? वहीं बैठा रहा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मग त्या अशा हसल्या, अशा हसल्या, की शेजारच्या खोलीतली माणसं काय झालं म्हणून दारात आली.